रात्री या, पावसात या : तळ्याचं सुशोभीकरण करणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
टेकडीच्या पायथ्याच्या तळ्याची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे ते सगळे साहेब आणि मॅडम,
आणि हे वाचणारे पुणेकर,

स.न.वि.वि.

थेट विषयावर येते. तुमच्या ऑफिसनं आमच्या तळ्याचं सुशोभीकरण मंजूर केलंय आणि पावसाच्या आत काम सुरू करायचं म्हणताय. त्या मंजुरीला जोडलेला जैवविविधता अहवाल मी माहितीच्या अधिकारात मागवून घेतला आणि पानन् पान वाचला. झाडांची यादी आहे, पक्ष्यांची बऱ्यापैकी लांब यादी आहे, फुलपाखरंही आहेत, आणि बेडकांवर फक्त एक ओळ. उल्लेखनीय उभयचर आढळले नाहीत, एवढंच. पाहणीची तारीख मार्चमधली, वेळ सकाळी साडेअकरा ते दुपारी एक.

या एका ओळीच्या आधारावर काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगड रचून भिंत होणार, सगळीकडून पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक होणार, मधोमध कारंजं आणि त्यावर रंगीत लाइट लागणार, आणि शेजारची जी मुरमाची मोकळी जागा आहे, जिला तुमच्या नकाशात 'पडीक' लिहिलंय, तिथं पार्किंग होणार. हे मला मान्य नाही. पत्र रीतसर तुमच्या आवक-जावकला दिलंय, पोच घेतलीय, पण ते तिथंच पडून राहील अशी भीती वाटते म्हणून सगळ्यांसमोर इथंही टाकतेय.

मी कोण ते सांगते. मी शास्त्रज्ञ नाही, शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन या भागात आले तेव्हापासून हे तळं बघतेय, माझी मुलं याच्याच काठावर खेळून मोठी झाली. कॉलेजला असताना आमच्या सरांनी आम्हाला पावसात रात्री बेडकांचे आवाज ओळखायला नेलं होतं तेव्हापासून हे वेड आहे ते आहेच. आता पावसाळा आला की आम्ही काही शेजारी, माझे दोन-तीन माजी विद्यार्थी आणि सोसायटीतले एक रिटायर्ड काका असे मिळून रात्री तळ्यावर जातो, ऐकतो, बघतो, वहीत लिहितो, फोनवर आवाज रेकॉर्ड करतो, फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकतो म्हणजे जाणकार लोक ओळख तपासून देतात. बेडूक हातात धरत नाही, पकडत नाही. एवढंच आमचं काम, पण ते आम्ही अनेक पावसाळे न चुकता केलंय आणि म्हणूनच तुमच्या अहवालातली ती ओळ वाचून गप्प बसवत नाही.

ज्यांनी हे तळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. ही मूळची जुनी दगडखाण. एका बाजूला काळ्या पाषाणाचा उभा कडा आहे, तिथं पाणी खोल, उन्हाळ्यातही थोडं शिल्लक राहतं. दुसरी बाजू मात्र हळूहळू उतरत येते, तिथं पाणी गवतात पसरतं, कुठं घोट्याएवढं, कुठं त्याहून कमी. आणि त्याच्या पलीकडं ती मुरमाची जागा, जिथं उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि जून लागला की जागोजागी डबकी साचतात. लोकांना फोटो काढावासा वाटतो तो कड्याच्या बाजूचा. बेडकांचा सगळा संसार आहे तो या उथळ काठावर आणि त्या मुरमात, आणि तुमचा प्लॅन नेमका याच दोन जागांवर बसलाय.

आता पाहणीचं. साहेब, मार्चच्या भर उन्हात बेडूक शोधायला गेलं तर शून्यच मिळणार, त्यात पाहणी करणाऱ्या मुलांचा दोष आहे असंही मी म्हणत नाही, त्यांना ज्या दिवशी पाठवलं त्या दिवशी ते आले असतील. पण आपल्याकडचे बहुतेक बेडूक वर्षातले कितीतरी महिने दिसतच नाहीत. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि थोडाफार श्वासही कातडीतूनच घेतो, ती कातडी कोरडी पडली की तो मरतो, म्हणून ऊन वाढलं की कोणी मातीत खोल जातो, कोणी दगडाच्या सांदीत, कोणी झाडाच्या ढोलीत, ट्री फ्रॉग तर चक्क आमच्या बाथरूममध्ये येऊन बसतो आणि पाऊस पडेपर्यंत हलत नाही. मार्चमध्ये या तळ्यावर दिवसा दिसला तर एक स्किटरिंग फ्रॉग दिसेल, तो बारा महिने पाण्यातच असतो, फक्त डोळे वर काढून तरंगत राहतो आणि जवळ गेलं की पाण्यावरून टप्पे घेत पळतो. तोही अहवालात नाही. म्हणजे त्या दीड तासात कोणी पाण्याच्या कडेपर्यंत तरी गेलं होतं का, हा प्रश्न मला पडलाय आणि त्याचं उत्तर मला लेखी पाहिजे.

बेडकांचा सर्व्हे कसा करतात हे पुण्यात विचारायला माणसं कमी नाहीत. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीत आहे, इथल्या कॉलेजांमधून उभयचरांवर काम केलेली दोन-तीन पिढ्यांची माणसं आहेत. पद्धत फार अवघड पण नाही. सूर्यास्तानंतर अर्धा-एक तासानं सुरू करायचं. ठरलेल्या वाटेनं जायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, टॉर्च बंद करून पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, कारण तुम्ही आलात की सगळे गप्प होतात आणि दोन-तीन मिनिटांनी एक धीट नर सुरू करतो मग बाकीचे सुरू होतात. आवाज रेकॉर्ड करायचा, मग टॉर्च लावून काठ, गवत, झुडपं, पाणी बघत जायचं. हवेचं आणि पाण्याचं तापमान, पाऊस किती झाला, चंद्र होता का, सगळं लिहायचं. आणि मुख्य म्हणजे हे एकदा करून चालत नाही. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला त्या रात्री एक बघायचं, नंतर जुलैत, मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. बुलफ्रॉग पहिल्या एक-दोन मोठ्या पावसांतच सगळं उरकून घेतो, त्या दिवसांत तर तो दिवसासुद्धा दिसतो, आणि आठवड्यानं गेलात तर तिथं असं काही झालं होतं यावर विश्वास बसणार नाही. पुढं पाण्यात पिल्लं दिसायला लागली की ती बघायची, भिंगातून त्यांची तोंडं बघितली की कुठल्या जातीची आहेत याचा बराच अंदाज येतो. आवाज आला म्हणजे बेडूक आहेत एवढंच कळतं, पण शेपटी गळून काठावर चढलेलं नखाएवढं पिल्लू दिसलं म्हणजे हे तळं त्यांना जगवतंय हे कळतं. सर्व्हेचा खरा निकाल तो.

हो आणि येताना गमबूट धुवून, वाळवून यायचं. कायट्रिड नावाची बुरशी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते आणि तिनं जगभरात ५०० च्या आसपास उभयचर प्रजातींची संख्या घटवलीय, ९० तर बहुधा कायमच्या गेल्यात. आम्ही साधे रहिवासी एवढं पाळतो.

मग तळ्यावर काय आहे? बुलफ्रॉग आहे, आपला नेहमीचा भेक आहे ज्याच्या अंड्यांच्या लांबच लांब माळा पाण्यातल्या गवताला गुंडाळलेल्या असतात, स्किटरिंग आहे, क्रिकेट फ्रॉग आहेत (एकच जात आहे का जास्त हे आम्ही सांगू शकत नाही, ते दिसायला इतके एकसारखे असतात की आवाज आणि डीएनएशिवाय तज्ज्ञसुद्धा हात वर करतात), ट्री फ्रॉग आहे, इवलासा मायक्रोहायला आहे जो दोन-अडीच सेंटिमीटरचा असून कानठळ्या बसवतो, आणि मुरमाच्या बाजूला बरोइंग फ्रॉग आहे.

या शेवटच्यासाठी जरा थांबते कारण तुमच्या पार्किंगचा घाव सगळ्यात आधी याच्यावर पडणार आहे. हा बेडूक बेसनाच्या लाडवासारखा गोल, तोंड आखूड, पाय बुटके. मागच्या पायाच्या तळव्याला एक कडक उंचवटा असतो, तेच त्याचं खोरं. गेल्या पावसाळ्यात एक मादी अंडी घालून झाल्यावर मुरमावर परत आलेली आम्ही बघितली. ती तोंड पुढं ठेवूनच मागच्या मागं जमिनीत शिरते. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय असं माती बाजूला सारत सारत अंग हलवत खाली जाते, आधी कंबर गेली, मग पाठ, मग फक्त डोळे आणि नाकाचं टोक राहिलं, मग वरची माती आपोआप आत ढासळली आणि जागा सपाट. काकांनी बाजूला खूण म्हणून काडी लावली होती, ती नसती तर आम्हालाच सापडली नसती. आता ती आणि तिच्यासारख्या किती जणी तिथं आत बसल्यात कोण जाणे, पुढच्या मृगापर्यंत. आणि तुमचा पोकलेन मे महिन्यात येणार.

या गटातल्या एका जातीला २०१७ साली पुण्याच्या संशोधकांनी नवीन म्हणून नाव दिलं, स्फेरोथिका पश्चिमा. त्याआधी २०१३ मध्ये सह्याद्रीतल्या एका झुडूपबेडकाला आपल्या मॉडर्न कॉलेजचे प्राध्यापक डॉ. हेमंत घाटे यांचं नाव दिलं गेलं, राओर्केस्टिस घाटेई. म्हणजे बेडकांची नवी नोंद या शहरातल्याच लोकांच्या हातून अगदी आत्ता-आत्तापर्यंत होतेय. अशा ठिकाणी दीड तासात 'काही नाही' लिहून मोकळं होणं कसं चालेल?

आता प्लॅनमधल्या एकेका गोष्टीबद्दल बोलते, कारण नुसतं 'बेडूक वाचवा' म्हटलं की तुम्ही म्हणणार मॅडम, आम्ही कुठं बेडकांना मारतोय.

पिचिंग. उथळ काठ काढून तिथं दगड रचून भिंत केली की पहिलं नुकसान अंड्यांचं. मायक्रोहायलाची अंडी उथळ, कोमट पाण्यावर पातळ थरात तरंगतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि आरपार दिसणारी पिल्लं बाहेर येतात, इतकी पारदर्शक की आधी नुसते डोळेच दिसतात. खोल पाण्यात, भिंतीलगत हे होत नाही. दुसरं म्हणजे पिल्लं पाय फुटल्यावर बाहेर येणार कुठून? ट्री फ्रॉग भिंत चढेल, त्याच्या बोटांना चकत्या असतात, पण बाकीचे नाही चढू शकत. आणि मुरमातून पाण्याकडं येणारे मोठे बेडूक पिचिंगच्या आधी ट्रॅकच्या कठड्यालाच अडणार. पाणी आणि जमीन दोन्ही लागतात त्यांना, तुम्ही दोघांच्या मधे भिंत घालताय.

मुरमाची जागा. ती पडीक नाही. वर लिहिलंय ते पुरेसं आहे.

लाइट आणि कारंजं. रात्री मादी नराला शोधते ती आवाजावरून. कारंज्याचा आणि त्याच्या पंपाचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालू राहणार, वर रंगीत लाइट, आणि उद्घाटनाच्या वेळी कबूल केलं नसलं तरी सहा महिन्यांत तिथं गाणी लागणार हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे. शिवाय दिव्याखाली किडे जमतात, किड्यांच्या मागं बेडूक येतात, आणि तिथंच पार्किंग म्हटल्यावर गाड्या. पावसातल्या रात्री टेकडीच्या रस्त्यावर जो कोणी चालला असेल त्यानं चिरडलेले भेक बघितलेच असतील.

गवत आणि फांद्या. अंदाजपत्रकात 'काठावरील अनावश्यक वनस्पती काढणे' असं कलम आहे. पाण्यावर झुकलेल्या ज्या करंजाच्या फांद्या आहेत ना, त्यांच्यावर ट्री फ्रॉग फेसाचं घरटं करतो, पांढरं, मुठीएवढं, आत अंडी. काही दिवसांनी पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात. फांदी पाण्यावर नसेल तर घरटं करून उपयोग काय. आणि गवत काढायला औषध मारणार असाल तर आत्ताच सांगा, कारण कातडीतून श्वास घेणाऱ्या प्राण्याला तणनाशकापासून लपायला जागाच नसते.

मासे. हे कागदावर नाही पण साइटवरच्या माणसानं आम्हाला तोंडी सांगितलं की डास होऊ नयेत म्हणून गप्पी सोडणार आणि लोकांना बघायला बरे म्हणून रंगीत मासेही. कृपा करून हे करू नका. या उथळ डबक्यांमध्ये बेडकांची पिल्लं जगतात याचं मोठं कारण तिथं मासे नाहीत. गप्पी, गंबुशिया, तिलापिया, कोणीही एकदा आलं की अंडी आणि पिल्लं साफ. डासांची काळजी मलाही आहे, आमच्या गल्लीतही डेंग्यू होतो, पण डेंग्यूचा डास वाढतो तो टाक्या, टायर, कुंड्यांच्या बशा, बांधकामावरचं साचलेलं पाणी यांच्यात. बुलफ्रॉगची पिल्लं मांसाहारी असतात, ती डासांच्या अळ्याही खातात. जिवंत तळं हा डासांचा कारखाना नसतो, तो होतो सांडपाणी सोडल्यावर. वरच्या बाजूच्या सोसायटीचं ड्रेनेज गळतंय आणि ते ओढ्यातून तळ्यात येतंय ही तक्रार आम्ही फोटोसकट दिलीय, त्यावर काहीच झालं नाही. सुशोभीकरणाला पैसे आहेत तर आधी तेवढा पाइप दुरुस्त करा, त्यानं तळं निम्मं सुंदर होईल.

एका बैठकीत तुमच्यापैकी एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं की यातला एक तरी बेडूक 'धोक्यात' आहे का, यादीत आहे का. प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर नीट देते. या तळ्यावर आम्ही ओळखलेल्या बहुतेक जाती जागतिक लाल यादीत आज धोक्यात म्हणून नोंदलेल्या नाहीत. हे मी लपवणार नाही. पण यादी काय सांगते तेही बघा. ती एका जातीचा सगळा पसारा बघते, पार पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंतचा. पुण्यातल्या एका खाणीतलं तळं बुजलं तर त्या यादीतली एक रेघ हलत नाही, पण इथला बेडूक मात्र संपतो, कारण तो दुसऱ्या तळ्यावर जाऊ शकत नाही, मधे हमरस्ता, कंपाउंड वॉल आणि काँक्रीट आहे. शहरातून जाती अशाच जातात, एकेका तळ्यातून. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची कोथरूड, बाणेर, बावधनची शेतं बघितलीत त्यांना विचारा पावसात तेव्हा रात्री झोपता येत होतं का.

आणि जगाचं चित्र काय आहे? २०२३ मध्ये आठ हजारांहून जास्त उभयचर प्रजातींचा जागतिक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ४१ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या. पक्ष्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे, सस्तन प्राण्यांमध्ये २७. म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांमध्ये सगळ्यात वाईट अवस्था बेडकांची आहे आणि तुमच्या अहवालात पक्ष्यांना चार पानं आणि यांना एक ओळ. आपल्याच राज्यात आंबोलीचा टोड (भेक) आहे, तो शास्त्राला २००९ मध्ये माहीत झाला आणि आज अतिधोक्यातल्या वर्गात आहे, आणि त्याची वीण होते जांभ्याच्या सड्यावरच्या अगदी उथळ पाण्यात, ज्याला कोणीही पडीक खडक म्हणेल. त्याचं पुण्याशी नातं नाही, तो इथं नाही, पण पडीक म्हणून शिक्का मारायच्या आधी पावसाळ्यात बघायचं असतं एवढं तरी त्याच्यावरून शिकता येईल. बुलफ्रॉगचंच घ्या ना. एकेकाळी आपण बेडकांचे पाय जहाजं भरभरून परदेशात विकत होतो, शेतात कीड वाढल्याची ओरड झाली, शेवटी १९८७ मध्ये केंद्राला निर्यात बंद करावी लागली. 'भरपूर आहेत' म्हणून जे चाललं होतं त्याचा शेवट तसा झाला.

आणखी एक, थोडं विषय सोडून पण तितकं सोडूनही नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत, आंबिल ओढ्यानं त्या रात्री किती घरं उद्ध्वस्त केली, किती माणसं गेली. टेकडीवरून येणारं पाणी जिथं थांबतं, पसरतं, मुरतं त्या जागा आपण एकेक करून बांधून काढतोय. ही मुरमाची जागा बेडकांची आहे म्हणून मला हवी आहे, पण ती पावसाचं पाणी पिते म्हणून खालच्या वस्तीलाही हवी आहे, आणि तिथं ब्लॉक बसवले की ते पाणी कुठं जाणार याचा हिशोब मला तुमच्या कागदांत कुठंही दिसला नाही.

प्रक्रियेबद्दलही नाराजी आहे. साइटवर बोर्ड लागला तो काम मंजूर झाल्यावर. हरकती मागवल्या त्याची जाहिरात कुठं आली आम्हाला कळलंच नाही. अहवाल इंग्रजीत आहे, खालच्या वस्तीतल्या ज्या बायका रोज या तळ्यावरून जातात त्यांनी तो कसा वाचायचा? जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला पाहिजे आणि लोक जैवविविधता नोंदवही व्हायला पाहिजे, आम्ही आमच्या नोंदी त्या नोंदवहीसाठी द्यायला गेलो तर कोणाकडं द्यायच्या हेच कोणी सांगेना, एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून 'साहेब मीटिंगला गेलेत'. लहान मुलं होती आमच्याबरोबर, त्यांनी चित्रं काढून आणली होती बेडकांची. तीही परत घरी आणली.

आमच्या भागातल्या ज्यांना ट्रॅक पाहिजे आहे त्यांनाही हे पत्र आहे. माझी सासू गुडघेदुखीमुळं टेकडी चढू शकत नाही, तिला सपाट वाट पाहिजे, बसायला बाक पाहिजे, मला कळतं. कड्याच्या बाजूनं, वरून, मातीचा ट्रॅक करा, तिथं बाक टाका, कठडा करा म्हणजे मुलं पडणार नाहीत. त्याला आमचा विरोध नाही, उलट आम्ही श्रमदानाला येतो. उथळ बाजू आणि मुरूम तेवढे सोडा.

तर मागण्या अशा :

एक. काम सध्या थांबवा, निदान उथळ काठ आणि मुरमाच्या जागेवरचं तरी. मे महिन्यात तिथं एकही मशिन उतरू नये.

दोन. येत्या पावसाळ्यात, मृगापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, रात्रीचा उभयचर सर्व्हे उभयचरांवर काम केलेल्या माणसांकडूनच करून घ्या. दर महिन्याला निदान दोन रात्री, आणि पहिल्या मोठ्या पावसाची रात्र त्यात असलीच पाहिजे. पिल्लांची पाहणी त्यात पाहिजे, आवाजांचं रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं पाहिजे, आणि नुसतं तळं नको, मुरमाची जागा आणि वरचा ओढाही धरा. आमच्या वह्या, रेकॉर्डिंग, फोटो सगळं फुकट देतो, तपासून घ्या, चुकीचं वाटलं तर खोडा.

तीन. तो अहवाल मराठीत, सगळ्यांना बघता येईल असा जाहीर करा आणि मगच डिझाइन ठरवा. आधी डिझाइन आणि मग त्याला जोडायला अहवाल असं नको.

चार. डिझाइनमधून पार्किंग, कारंजं आणि पाण्यावरचे लाइट काढून टाका. पिचिंग फक्त जिथं माती खरंच ढासळतेय तिथं, आणि तिथंही उतार ठेवून.

पाच. कुठलेही मासे सोडायचे नाहीत, तणनाशक मारायचं नाही. हे लेखी द्या आणि ठेकेदाराच्या करारात घाला, कारण साइटवर आम्ही सांगितलं तर तो म्हणतो मला वरून ऑर्डर आहे.

सहा. ड्रेनेजची गळती. तारीख सांगा.

सात. तळ्याची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करा आणि नोंदी द्यायला आलेल्या माणसाचं कोणीतरी ऐकून घ्या.

या सातमधल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. दुसऱ्या मागणीला एक पावसाळा लागतो. मंजूर निधी मार्चअखेर परत जाईल ही अडचण तुम्ही सांगाल, ती खरी असेलही, पण निधीचं वर्ष पुढं ढकलता येतं, त्यासाठी पत्रव्यवहार करता येतो, तुमच्यातल्याच एका मॅडमनी मला हे खासगीत सांगितलंय आणि त्यांचे मी मनापासून आभार मानते.

उत्तर लेखी द्या ही विनंती, पंधरा दिवसांत मिळालं तर बरं, कारण त्यानंतर मे उजाडतो. आणि उत्तर द्यायच्या आधी किंवा नंतर, पहिला मोठा पाऊस झाला की तुमच्यातलं जे कोणी येऊ शकेल त्यांनी या. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं आम्ही तळ्याच्या गेटवर असतो, जास्तीचे टॉर्च आमच्याकडे आहेत. गमबूट तेवढे तुमचे आणा, धुवून आणा.

आपली,
टेकडीखालची एक रहिवासी आणि शिक्षिका
पुणे